छोटे सरकार जेवत नाहीत

२ एप्रिल, बुधवार

ही वही दादाने दिली. म्हणाला, "रोज लिहीत जा, कोणी किती खाल्लं, कोणाचा पाय कसा." तेवढंच लिहिलं तर चार ओळींत काम संपतं. उरलेल्या पानावर मी माझं लिहिणार. दादा काही उठून वही वाचायला येत नाही, खुब्याचं हाड मोडून पलंगावर पडलाय.

माझ्या या थोरल्या भावाने चाळीस वर्षं दुसऱ्यांचे घोडे सांभाळले. पोरांना पाठीवर फिरवणारे दोन म्हातारे घोडे सोडले तर स्वतःचं म्हणावं असं जनावर त्याच्या नशिबी आलं नाही. ते या जानेवारीत आलं. घोडेस्वारीच्या क्लबाने आपली गाभण घोडी इथे ठेवली होती. बोली अशी, की घोडी इथेच व्यायची, सगळं दादाने बघायचं आणि शिंगरू दादाचं. घोडी नऊ मेला क्लबात परत जाणार. तोवर शिंगरू आपलं आपण चंदी, म्हणजे दाणा, खायला लागलं पाहिजे. लागलं नाही तर दुधाविना ते तगणार नाही, म्हणून आईबरोबर तेही जाणार. आणि क्लबाच्या दाण्यावर वाढेल ते जनावर क्लबाचं. गेलं की गेलं.

फेब्रुवारीत दादा घोडीच्या ठाणात, म्हणजे तबेल्यातल्या तिच्या खोलीत, पाय घसरून पडला. वहिनीला घोड्यांची भीती. इतकी वर्षं तबेल्याच्या शेजारी काढून अजून भिंतीला चिकटून अंगण ओलांडते. म्हणून मला बोलावणं आलं. मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण जेवू घालणं कळतं. मुलींच्या वसतिगृहाची मेस सव्वीस वर्षं चालवली, रोज दोनशे दहा पानं. एक मुलगी उपाशी उठली असेल तर मला आणून दाखवा.

दादा म्हणाला, "ठिणगे, हे वसतिगृह नाही."

म्हटलं, "तोंड आणि पोट इथेही आहे ना? मग झालं."

४ एप्रिल, शुक्रवार

घोड्यांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वयाने माझ्या मेसमधल्या पोरींएवढ्या, पण बोलणं हेडमास्तरांचं. घोडीच्या ठाणातल्या एका कोपऱ्याला आडवा दांडा लावायचा. शिंगरू त्याच्याखालून आत जाईल, घोडीला जाता येणार नाही. आत बुटकं गव्हाण. सुरुवातीला मूठभर दाणा, मग हळूहळू वाढवत नऊ तारखेपर्यंत दिवसाला दीड किलोच्या आसपास. त्याहून जास्तही नको, पायाचे सांधे फुगतात. उरलेलं रोज काढून टाकायचं. आणि रोज तेच द्यायचं.

"रोज तेच?"

"रोज तेच, मावशी."

ज्यांनी कधी दोनशे माणसांना वाढलेलं नाही ते असंच बोलतात.

दुपारी दांडा लावला. दादाचा पलंग खिडकीशी आहे आणि खिडकी अंगणापलीकडच्या ठाणावर उघडते, त्यामुळे तिथून त्याच्या आज्ञा चालू होत्या. "एक वीत खाली घे!" मी घेतला नाही. माझे हात, माझा हातोडा. संध्याकाळी घोडीने मान वाकवली, आत शिरली आणि गव्हाण दोन घासांत साफ केलं. दांडा एक वीत खाली घेतला. खिडकीतून दादाने बोटं ताणून वीत मोजून दाखवली.

७ एप्रिल, सोमवार

आज पहिलं जेवण. भरडलेले ओट, जव, थोडी सोयाबीनची पेंड. मी शेजारी उभी राहिले. शिंगरू आईच्या मागून एक डोळा काढून माझ्याकडे बघत होतं. म्हटलं, "या सरकार, पान वाढलंय." अर्धा तास गेला. मग दांड्यापर्यंत आलं, नाक पुढे केलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेलं. असं तीनदा. मला वाटलं, हातून भरवून घ्यायचं असेल. ओंजळीत दाणे घेऊन पुढे झाले तर आईच्या पोटाखाली पळालं.

नखरे म्हणायचे आणखी काय! नाव ठेवलं, छोटे सरकार. असे नखरे मी फार पाहिलेत. पहिल्या वर्षाच्या मुली घरून आल्या की अशाच दाराशी उभ्या राहायच्या. शेवटी सगळ्या जेवल्या.

११ एप्रिल, शुक्रवार

मंगळवारी दाणा भिजवून दिला. बुधवारी कोंडा घालून कोमट केला, वर गूळ किसला. काल गाजर. आज सफरचंदाच्या फोडी आणि चिमूटभर मीठ. मेसमध्ये सोमवारची भाजी बुधवारी आली तर दोनशे दहा तोंडं वाकडी व्हायची. जीभ ती जीभच, माणसाची काय आणि घोड्याची काय.

दोन्ही वेळेला तास-तास उभी राहते. सरकार येतात, माझं तोंड बघतात, जातात. माझ्या समोर एक दाणा उचलत नाहीत. संध्याकाळी गव्हाण काढायला जाते तेव्हा मात्र दाणा कमी झालेला असतो. या तबेल्यात चिमण्या फार माजल्यात.

१३ एप्रिल, रविवार

शिंगराला पातळ लीद झाली. डॉक्टरीणबाईंना रविवारचं यावं लागलं. काय काय दिलं ते सांगितल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. "मावशी, घोड्याच्या पोटाला बदल सोसत नाही. चव बदलायची नसते. रोज तेच म्हणजे रोज तेच!"

चूक माझी. लिहून टाकते, पुन्हा लिहिणार नाही.

मग म्हणाल्या, "पण म्हणजे थोडंफार खातंय ते. न खाता असं कशाने होईल?"

मी म्हटलं, "छे! मी समोर उभी असते की. एक दाणा उचलत नाही."

"समोर?" त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या कुणाच्या तरी लंगड्या घोड्याकडे निघून गेल्या. चहा अर्धा टाकून. मी मुद्दाम आलं घालून केला होता आणि त्या पीत असताना समोरच उभी होते, तरी.

१६ एप्रिल, बुधवार

सरकारांना नवीन खोड लागलीय. घोडी जेवायला लागली की तिच्या गव्हाणात तोंड घालतात. दुसऱ्याच्या ताटात तोंड घातलेलं मला खपत नाही. दोनदा टाळ्या वाजवून हुसकावलं.

खिडकीतून दादा ओरडला, "टाळ्या नको वाजवूस! आईचं बघूनच शिकतं ते!"

"मग आधी सांगायचंस!"

"आधीपासून तेच सांगतोय! तू ऐकतेस कुठे?"

टाळ्या बंद केल्या. आता घोडीला नेमकी त्याच वेळी आणि दांड्याला लागूनच चंदी देते, म्हणजे दोघांची पानं शेजारीशेजारी. ही युक्ती कुणाची हे दादाने उगाच उगाळू नये.

१९ एप्रिल, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी दाण्याचं वजन लिहायला सांगितलंय. काल सकाळी दोनशे ग्रॅम ठेवलं. संध्याकाळी नव्वद उरलं. म्हणजे एकशे दहा ग्रॅम चिमण्यांनी खाल्लं! चिमण्या की कोंबड्या?

मी हार मानणारी नाही. जुन्या पत्र्याचं झाकण बनवलं, त्याला दोरी. मी उभी असेन तेव्हा उघडायचं, जाताना घट्ट बांधायचं. एक तास हाताला फोड येईपर्यंत पत्रा कापत होते. दादाने विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, बंदोबस्त.

तो म्हणाला, "अगं पण..." आणि वहिनी औषध घेऊन आली.

२२ एप्रिल, मंगळवार

दोनशे ठेवलं, दोनशे उरलं. तीन दिवस तसंच. बघा! चिमण्याच होत्या.

पण मग शिंगरू काहीच खात नाही, हेही पक्कं झालं. सतरा दिवस राहिलेत. आज सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास उभी राहिले. पायात गोळे आले. सरकार दांड्याचं लाकूड कुरतडत माझ्याकडे बघत राहिले. लाकूड चालतं, मी भरडलेला ओट चालत नाही.

या घरात जेवणाच्या बाबतीत सगळे सारखेच. दादानेही आज निम्मं ताट ठेवलं. मी समोर खुर्ची घेऊन बसले होते, तरी. वहिनी म्हणाली, "तिथे ठेवा वन्सं, खातील ते." मग ती रिकामं ताट घेऊन आली. मला वाटतं, मागच्या दाराने टाकून देते. नवऱ्याला पाठीशी घालायची तिची जुनी सवय.

२५ एप्रिल, शुक्रवार

क्लबवाल्यांचा फोन आला. नऊला दुपारी गाडी घेऊन येणार. शिंगरू खातं का, विचारलं. मी म्हटलं, खातं. खोटं बोलले.

मग दादाने मला पलंगाशी बसवलं आणि म्हणाला, "ठिणगे, झाकण काढ. मी रोज खिडकीतून बघत होतो. तू गेलीस की ते खात होतं. तू उभी असलीस की नाही खात."

माझं डोकं सणकलं. हेच वाक्य मी जानेवारीत ऐकलंय. वसतिगृहाच्या बैठकीत, सात माणसांसमोर. "मावशी पानावर उभ्या राहतात, मुलींना जेवण जात नाही." मग मी काय करायचं होतं? लोळायचं होतं? ज्या पोरी आईच्या आठवणीने घास गिळत नव्हत्या, त्यांच्यासमोर कोण उभं राहिलं सव्वीस वर्षं? त्यांनी ठरवलं, ज्याने त्याने आपलं आपण वाढून घ्यायचं, लांब टेबलावर भांडी मांडून. मी त्याच दिवशी चाव्या टेबलावर ठेवल्या. काढलं नाही मला कुणी. मी सोडलं.

आणि आज माझा सख्खा भाऊ तेच म्हणतो. मी म्हटलं, "तुला गोळ्यांनी गुंगी येते. तुला खिडकीतून चिमणी दिसते की शिंगरू हे तरी कळतं का?"

तो भिंतीकडे वळून झोपला. नीट वळताही येत नाही त्याला, तरी वळला. झाकण मी काढलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

घोडीने पायावर पाय दिला. चूक तिची नाही, मी मध्ये उभी होते. दोन बोटं काळीनिळी, डॉक्टरांनी (माणसांच्या) पट्टी बांधून आठवडाभर चालायचं नाही म्हणून सांगितलं. आता या घरात दोघं पलंगावर आणि उभी एकटी वहिनी.

तिला म्हटलं, सरकारांचं तुम्हाला बघावं लागेल. तिचा चेहरा पांढरा पडला. "वन्सं, मला जमणार नाही." म्हटलं, जमेल. दाणा मी मोजून देते. गव्हाणात टाकायचा, तासभर उभं राहायचं, निघताना झाकण बांधायचं. म्हातारे घोडे शेजारचा माळी बघणार आहे. जाताना तिने हात जोडले. देवाला की घोडीला, माहीत नाही.

२ मे, शुक्रवार

चार दिवस झाले. गव्हाण रोज रिकामं. चारशे ग्रॅम दिलं, संपलं. पाचशे दिलं, संपलं. काल सातशे, तेही साफ, चाटून पुसून. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्याच, "मावशी, कमाल केलीत!"

मी काही काल जन्मले नाही. वहिनीला बोलावलं.

"खरं सांगा, दाणा कुठे टाकता?"

"गव्हाणात."

"तासभर उभ्या राहता?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. "नाही."

"मग?"

"दांड्यावरून टाकते आणि पळते."

"झाकण?"

"झाकण बांधायला तिथे थांबतंय कोण, वन्सं! घोडी अशी बघते माझ्याकडे..." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मी रागावणार म्हणून. पण ती म्हणाली, "यांचं एवढं एकच आहे. ते जाऊ नये म्हणून मी रोज जीव मुठीत धरून जाते."

मी तिला पाणी दिलं. तरीही मनात आलं, घोडीने दांडा ओलांडून खाल्लं असेल. नाहीतर चिमण्या.

५ मे, सोमवार

आज स्वतः बघायचं ठरवलं. लंगडत दादाच्या खोलीत गेले. त्या भांडणापासून तो माझ्याशी बोलत नव्हता, पण खिडकीतली जागा त्याने सरकून दिली. उशी पण दिली.

वहिनी डबा घेऊन गेली, दाणा ओतला आणि अशी धावत सुटली की चप्पल तिथेच राहिली. सरकार आईच्या आडून बाहेर आले. अंगणाकडे बघितलं. कोणी नाही. दांड्याखाली मान घातली, आत गेले आणि जेवायला लागले. भराभरा नाही. सावकाश, एकेक दाणा ओठाने वेचत. मध्येच डोकं वर करून चावत उभे राहत, मग परत वाकत. घोडीही पलीकडे चावत होती. एक चिमणी आली, कडेला पडलेले दोन दाणे टिपून गेली. दोनच.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी गाजरं किसली, पत्रा कापला, पायात गोळे आणून घेतले, आणि हे पोरगं जेवतं कुणाचं, तर टाकून पळणाऱ्या बाईचं. झाकणाने त्याचे नऊ दिवस मी उपासात घालवले हेही खरं. दादाने एक टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी डोळे पुसले आणि त्याला म्हटलं, "ठीक आहे. न बघता जेवू घालायचंय ना? तेही मी तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं करून दाखवीन."

८ मे, गुरुवार

कुबडी घेऊन मीच जाते आता. दाणा ओतायचा, वळायचं, निघायचं. अंगण मी बारा पावलांत ओलांडते, त्यातलं प्रत्येक पाऊल जिवावर येतं. खोलीत आल्यावरही खिडकीत जात नाही. दादाच सांगतो.

काल बाराशे पन्नास. आज चौदाशे. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढं पुरे, त्याच्यापुढे ओढू नका. त्यांच्या सांगण्यावरून एक म्हातारा घोडा शेजारच्या ठाणात आणून बांधलाय, मध्ये जाळी. उद्या आई गेली की त्याची सोबत.

वहिनी आजही माझ्या मागोमाग अंगणापर्यंत आली. तिला विचारलं, भीती गेली का? म्हणाली, "नाही. पण सवय झाली."

९ मे, शुक्रवार

आजचं भराभर लिहितेय. अक्षर लागलं नाही तरी चालेल.

क्लबवाले गृहस्थ आणि त्यांचा ड्रायव्हर अडीचला आले. मोठी गाडी, आत दोन कप्पे आणि दोन्हींत गवत पसरलेलं. ते बघूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दोन कप्पे कशाला?"

"तयारी असावी, बाई." माणूस वाईट नाही. आवाज न चढवता बोलतो, त्यामुळे आणखी राग येतो.

वजनांची पानं दाखवली. त्यांनी वाचली, परत दिली. "वहीत कोणीही काहीही लिहितं. माझ्या डोळ्यांदेखत खाऊ दे."

दाणा ओतला. दांड्यासमोर मी, ते आणि त्यांचा ड्रायव्हर. सरकार आईच्या पोटाखाली जाऊन बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. क्लबवाल्यांनी ड्रायव्हरला खूण केली आणि तो गाडीची फळी खाली सोडायला गेला.

मी कुबडी टेकत गेले आणि फळीवर उभी राहिले.

"बाई, बाजूला व्हा."

"नाही होणार. एक पाय फुटलाच आहे, दुसरा फोडायचा असेल तर फोडा. बोली काय होती? त्याने आपलं आपण खायला पाहिजे. तुमच्या देखत खायला पाहिजे असं कधी ठरलं?"

"मग मी बघायचं कसं?"

"बघायचं असेल तर दिसायचं नाही! इतकं साधं आहे!"

दादाच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. मोठ्याने हसत होता, हाड दुखत असताना. मी तिकडे पाहिलं नाही.

क्लबवाले म्हणाले, "आई शेजारी असताना खाल्लं तर मला काही कळणार नाही. घोडीला आधी गाडीत घेतो आणि गाडी वळणापलीकडे नेतो. पाचला मला निघायला हवं. तोवर खाल्लं तर ते तुमचं. नाही खाल्लं तर मी त्याला इथे मरायला ठेवणार नाही, मग तुम्ही फळीवर आडव्या पडलात तरी."

यात खोट काढता येईना. हो म्हटलं.

घोडी गेली. त्यानंतरचं मला नीट लिहिता येणार नाही. ते इवलंसं जनावर असं ओरडत होतं की दोन घरांपलीकडचे लोक बाहेर आले. आम्ही सगळे दादाच्या खोलीत, दादा, वहिनी, क्लबवाले आणि मी. साडेतीन झाले. ते ठाणात गरगर फिरत होतं, दारावर छाती आपटत होतं, अंगाला घाम. मी उठले. दादाने मनगट धरलं. "बस." पुन्हा उठले, पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा त्याने मला खिडकीकडे पाठ करून बसायला लावलं. "तू खिडकीत नुसती दिसलीस तरी थांबेल ते."

मग मी भिंतीकडे तोंड करून बसले. खिडकीत वहिनी उभी. घोड्यांना भिणारी, घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारी माझी वहिनी मला हलक्या आवाजात सांगत होती. "फेरी मारतंय... थांबलं... जाळीशी गेलं, म्हाताऱ्याने नाक लावलं त्याला... पुन्हा दाराशी आलं... आता ओरडत नाहीये... दांड्याकडे बघितलं... नाही, गेलं परत."

साडेचार. क्लबवाले म्हणाले, "बाई, हाल होताहेत त्याचे. कशासाठी एवढा हट्ट?"

खरं लिहिते. त्या क्षणी मला वाटलं, त्यांचं बरोबर आहे. आईजवळ जाऊ दे त्याला, कुठेही जाऊ दे, पण हे ओरडणं थांबू दे. दादाकडे पाहिलं. तो काही बोलला नसता, मी हो म्हटलं असतं तर त्यानेही मान डोलावली असती. चाळीस वर्षं तो दुसऱ्यांचे घोडे परतच करत आलाय.

मी म्हटलं, "पाच वाजायला अर्धा तास आहे. तो माझा आहे."

वहिनी पुन्हा बोलायला लागली. मग मध्येच थांबली.

"काय झालं? वहिनी, बोला ना."

ती बोलेना.

"वहिनी!"

"श्श!" क्लबवाल्यांनी केलं. क्लबवाल्यांनी! आणि खोली इतकी शांत झाली की अंगणापलीकडून तो आवाज आला. दाढांखाली दाणे भरडल्याचा. थांबत, पुन्हा सुरू होत. माझ्या मनगटावरचा दादाचा हात ढिला पडला. तो रडत होता, तोंड न लपवता. वहिनीने माझा खांदा इतका आवळला की दुखला. मी वळले नाही. एकदाही वळून पाहिलं नाही.

पाच वाजले, पाचावर दहा मिनिटं झाली, तरी क्लबवाले खिडकीतून हलले नाहीत. मग त्यांनी दादाशी हात मिळवला आणि मागच्या दाराने गेले, शिंगराला दिसू नये म्हणून.

ओतलेल्या सातशेपैकी गव्हाणात एकशे साठ ग्रॅम उरलं होतं.

११ मे, रविवार

काल सकाळभर सरकार आईला हाका मारत होते. दिवसभरात सहाशेच गेलं. आज ओरडणं कमी, जाळीपलीकडे म्हातारा असतो तिथेच जास्त वेळ उभे. सकाळच्या पानातलं काही उरलं नाही.

दादा आज वॉकरची चौकट धरून चार पावलं चालला. खिडकीपर्यंत. तिथे उभा राहून किती तरी वेळ स्वतःच्या घोड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ठिणगे, माझा पाय आता सुधारतोय. तुला जायचं असेल तर..."

"कोण म्हणालं जायचंय? त्याला वर्षाचं करून देते, मग बघू."

"बघणार नाही म्हणालीस ना?"

"तुझ्यासारखा नाही बाई खोचक माणूस," मी म्हटलं आणि डबा घेऊन निघाले.

संध्याकाळची चंदी ओतली, वळले आणि कुबडी टेकत चालू लागले. ठरवलं होतं, बारा पावलं, मागे बघायचं नाही. खोटं कशाला लिहू, आठव्या पावलाला पाहिलं. सरकारांनी मान वर केली, सरळ माझ्याकडे बघितलं, आणि चावणं थांबवलं नाही. मी तिथेच उभी राहणार होते, पण मग उरलेली चार पावलं चालले आणि घरात आले.